शिडाच्या बोटीतून सेंट ऑगस्टिन : वाळूच्या दांड्याने राखलेलं गाव

खाडीकाठ

मंडळी, नमस्कार. गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं (मी आणि नवरा) आमच्या ३४ फुटी शिडाच्या बोटीतून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने दक्षिणेला उतरत होतो तेव्हा फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिनला थांबलो. दोन रात्रींचा बेत होता, पाच राहिलो. याच गावात मी सात-आठ वर्षांपूर्वी गाडीने येऊन गेले होते, किल्ला बघितला, फोटो काढले, गल्लीतून एक चक्कर मारली आणि निघालो, आणि खरं सांगते तेव्हा मला या गावाचं काहीही कळलं नव्हतं. पाण्यावरून आल्यावर कळलं, म्हणून हा धागा. लांबलाय, सवडीने वाचा.

आधी वाट सांगते. फर्नांडिना बीचपासून सेंट ऑगस्टिन आतल्या पाण्याने, म्हणजे इंट्राकोस्टल वॉटरवेने, साधारण ६० मैल. बाहेरून समुद्रातूनही जाता येतं, सेंट मेरीज नदीच्या मुखातून बाहेर पडायचं (ते चांगलं खोल आहे, किंग्ज बेच्या नौदल तळावरच्या पाणबुड्या तिथूनच जा-ये करतात) आणि सेंट ऑगस्टिनच्या मुखातून आत शिरायचं. आमचं तेच ठरलं होतं, पण दोन दिवस ईशान्येचा वारा जोरात सुटला आणि ज्याला विचारावं तो हेच सांगत होता की वारा समुद्राकडून असेल आणि ओहोटी लागली असेल तर त्या मुखाकडे फिरकू नका. तिथे वाळूचा दांडा आडवा आहे आणि तो जागा बदलत राहतो. इतका, की मुखातल्या बोयांच्या (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) जागा नकाशावर छापतच नाहीत, वाळू सरकली की बोये उचलून दुसरीकडे लावतात. बाकी नकाशा आकड्यांनी नुसता भरलेला आणि नेमकं जिथून आत जायचं तिथे एकही बोया नाही, हे बघून माझ्या पोटात गोळाच आला. शेवटी आतून गेलो. वाटेत पाइन आयलंडजवळ खाजणात नांगर टाकला, चारी बाजूंना नुसतं गवत आणि पाणी, रात्रभर वारा होता पण बोट तसूभर हलली नाही.

तर हा दांडा. आमचा बेत ज्याने मोडला त्यानेच हे गाव पुन्हापुन्हा वाचवलंय हे मला तिथे गेल्यावर समजलं.

८ सप्टेंबर १५६५ ला पेद्रो मेनेंदेझ दे आविलेस हा स्पॅनिश दर्यावर्दी तिमुकुआ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीजवळ इथे उतरला. फ्रेंच आधीच उत्तरेला सेंट जॉन्स नदीवर फोर्ट कॅरोलाइन बांधून बसलेले. त्यांचा सेनापती जाँ रिबो जहाजं घेऊन स्पॅनिशांना उखडायला आला, मुखाशी पोचला, आणि ओहोटी होती! दांड्यावर पाणी नाही, आत जाता येईना. भरतीची वाट बघत थांबला तोवर वादळ उठलं आणि त्याची जहाजं दक्षिणेला वाहत जाऊन फुटली. इकडे मेनेंदेझ त्याच वादळात खाजणं तुडवत चालत गेला आणि रिकाम्यासारखा पडलेला फोर्ट कॅरोलाइन त्याने घेतला. फुटलेल्या जहाजांवरचे फ्रेंच किनाऱ्याने चालत वर येत होते, त्यातल्या साधारण अडीचशे जणांना दक्षिणेकडच्या एका मुखाशी मारलं. त्या मुखाचं नाव तेव्हापासून मातान्झास, म्हणजे कत्तली. गावासमोरच्या ज्या नदीत आम्ही पाच रात्री झोपलो तिचंही नाव तेच आहे. भरती-ओहोटीचं कोष्टक आम्ही रोज सकाळी चहाबरोबर बघतो, पण त्या कोष्टकातल्या एका ओळीवर अख्ख्या फ्लोरिडाचं काय होणार हे ठरलं असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

आता आमचं. उत्तरेकडून येताना आधी दिसतो तो नोम्ब्रे दे दिओस मिशनचा २०८ फुटी स्टीलचा क्रॉस, मग डावीकडे समुद्राचं मुख उघडतं आणि तिथे दोन वाटांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. वॉटरवेच्या खुणांवर पिवळे त्रिकोण आणि चौकोन असतात, तेवढेच बघायचे आणि वळण अजिबात कापायचं नाही, लाल बोयाला पूर्ण वळसा घालायचा. आमच्या डोळ्यांदेखत एक मोठी मोटरबोट सरळ गेली आणि वाळूत टेकली.

किल्ल्यासमोरच्या मूरिंग फील्डमध्ये (तळाशी पक्के बांधलेले बोये असतात, त्यांच्या दोरीला बोट बांधायची) जागा नव्हती, दक्षिणेकडच्यात मिळाली, म्हणजे ब्रिज ऑफ लायन्स उघडायला हवा. हा १९२७ चा उचलता पूल, तोंडाशी संगमरवरी सिंह. दिवसा तासाला आणि अर्ध्या तासाला उघडतो, व्हीएचएफ रेडिओच्या ९ नंबरवर हाक द्यायची. आम्ही पोचलो ११:४० ला, म्हटलं चला वीस मिनिटं. पुलावरच्या ऑपरेटरने अगदी नम्रपणे सांगितलं की कामाच्या दिवशी सकाळी ८, दुपारी १२ आणि संध्याकाळी ५ ला पूल उघडत नाही. नियमात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. मग साडेबारापर्यंत पन्नास मिनिटं किल्ल्यासमोर गोल गोल फिरत राहिलो, पाणी पाठीमागून पुलाकडे ढकलतंय, वारा बाजूने, नवरा सुकाणूवर घामाघूम. पण त्या पन्नास मिनिटांत मी तो किल्ला जसा बघितला तसा आत जाऊनही नाही बघितला. पाण्यातून तो उंच वाटतच नाही. बसका, राखाडी, कोपऱ्यातले बुरूज बाणाच्या टोकासारखे पुढे आलेले, आणि आपण कुठेही गेलो तरी दोन बुरुजांच्या माऱ्यात आहोत हे सारखं जाणवत राहतं.

बाकीचं प्रतिसादांत लिहिते, हात दुखले.

गडवाट

जबरदस्त. किल्ल्याबद्दल अजून लिहा ना प्लीज. तो शिंपल्यांच्या दगडाचा आहे असं ऐकलंय, ते कसं काय टिकलं? आपल्याकडे जांभ्याचे किल्ले आहेत, जांभाही सच्छिद्र असतो, तसंच काही का?

खाडीकाठ

@गडवाट, हो, कोकिना म्हणतात त्याला. बारीक शिंपल्यांचे थर एकमेकांना चिकटून झालेला दगड, समोरच्याच अनास्तासिया बेटावरच्या खाणीतून काढून पडावांतून पलीकडे आणलेला. जांभ्याशी त्याचं एका बाबतीत जमतं, खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर सुकला की घट्ट होतो. मी भिंतीला हात लावून बघितला, छोटे छोटे अख्खे शिंपले बोटाला लागतात.

त्याआधीचे सगळे किल्ले लाकडी होते. १५८६ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेकने गाव जाळलं, १६६८ मध्ये इंग्रज चाचे रात्री घुसले, मग कुठे स्पेनने दगडी किल्ल्याला पैसे दिले. १६७२ ला काम सुरू, १६९५ ला पुरं. कास्तियो दे सान मार्कोस. आणि या दगडाची गंमत अशी की तोफेचा गोळा लागला तर तो तडकत नाही, आतल्या पोकळ्या दाबल्या जातात आणि गोळा तिथेच रुतून बसतो.

१७०२ मध्ये इंग्रजांच्या कॅरोलायना वसाहतीचा गव्हर्नर मूर चालून आला. गावातली आणि शिबंदीतली मिळून दीड हजाराच्या आसपास माणसं किल्ल्यात, जवळजवळ पन्नास दिवस. त्याच्या तोफांनी भिंतीला काहीही होईना. मग हवानाहून स्पॅनिश जहाजं आली आणि मुखाबाहेर उभी राहिली, झालं, मूरची जहाजं दांड्याच्या आत अडकली. त्याने जाताना गाव जाळलं आणि स्वतःची जहाजंही जाळून जमिनीवरून परत गेला. बघा, परत दांडाच! आत शिरायला कठीण आणि शिरलात तर बाहेर पडायला त्याहून कठीण. किल्ला लढाईत कधीच पडला नाही, देशादेशांत हातबदल झाले ते करारांनी, १७६३ ला इंग्रज, १७८४ ला परत स्पॅनिश, १८२१ ला अमेरिका.

उत्तरवारा

लेख आवडला पण मुखाबद्दल थोडं वेगळं मत आहे. मी त्या मुखातून चारदा आत आलोय, त्यात एकदा एकटा. वारा पश्चिमेचा किंवा हलका, समुद्र शांत, भरती चढती आणि सूर्य डोक्यावर एवढं जमलं तर ते अगदी सरळ काम आहे, बोये बघत जायचं. नवीन लोक वाचून घाबरतील आणि सगळेच आतून जातील, आतलं पाणीही काही कमी उथळ नाही, टोलोमाटो नदीतही वाळू भरते. अट एकच, लाटा फुटताना दिसल्या तर परत फिरायची तयारी पाहिजे, मग रात्रभर समुद्रात राहावं लागलं तरी चालेल. खूप जण इथे चुकतात कारण थकलेले असतात आणि गाव समोर दिसत असतं.

अजून एक, नोव्हेंबर ते एप्रिल बाहेरून जात असाल तर राइट व्हेल. जॉर्जिया आणि उत्तर फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत त्या पिल्लं द्यायला येतात, आता फार थोड्या उरल्यात. ५०० यार्डांच्या आत जायला कायद्याने बंदी आहे. मला एकदा लांबून दिसल्या, आई आणि पिल्लू. शीड उतरवून नुसता थांबून राहिलो, काही बोलवेना.

खाडीकाठ

@उत्तरवारा मान्य. मी घाबरवायला नाही लिहिलं, पण आमच्यासारख्यांनी (तिसरंच वर्ष आहे आमचं) ईशान्येच्या वाऱ्यात जाऊ नये एवढंच. व्हेल दिसायचं भाग्य अजून नाही लाभलं.

नवखी_डोलकाठी

वाचून अंगावर काटा आला! आम्ही पुढच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच या वाटेने जाणार आहोत, बोट ३१ फूट, पाण्याखाली साडेचार फूट. मूरिंग घ्यावं की नांगर टाकावा? आणि मूरिंगची दोरी उचलायला मला फार भीती वाटते, प्रवाह खूप असतो म्हणतात.

खाडीकाठ

@नवखी_डोलकाठी, अगं मूरिंग घे. प्रवाह दर सहा तासांनी उलटा होतो, भरती-ओहोटीत साडेचार-पाच फुटांचा फरक आहे, आणि वारा प्रवाहाच्या विरुद्ध असला की शेजारशेजारच्या दोन बोटी दोन दिशांना तोंड करून उभ्या राहतात. नांगरावर असलीस तर साखळी स्वतःभोवतीच गुंडाळली जाते. आमच्या मागे एकजण नांगरावर होता, पहाटे तीनला प्रवाह फिरला आणि त्याची बोट सरकत आमच्यापासून वीसेक फुटांवर आली. आम्ही दोघं टॉर्च घेऊन डेकवर, तो बिचारा थंडीत कुडकुडत साखळी ओढतोय. कुणाला काही झालं नाही.

दोरी उचलायचं म्हणशील तर मी दोनदा चुकले आणि तिसऱ्यांदा जमलं. माझी चूक काय होती तर मी वाऱ्याच्या समोरून यायला सांगत होते. तिथे वारा नाही, प्रवाह बघायचा. आधीच बांधलेल्या शिडाच्या बोटींची तोंडं कुठे आहेत ते बघ आणि तुझी बोट तशीच लावून हळू पुढे ये, बोट जागच्या जागी थांबते आणि आकडीने दोरी आरामात हाताला लागते. जमलं तर भरती-ओहोटीच्या मधलं थांबलेलं पाणी गाठ. आणि डिंगीचं (धक्क्यावर जायच्या छोट्या होडीचं) इंजिन बंद पडलं तर म्हणून वल्ही घेऊनच जा, वल्ह्यांशिवाय तिथे कुणीही उतरू नये असं माझं ठाम मत आहे.

पायवाट

मी दोन वर्षं तिथून तासाभरावर राहिलोय. मला ते गाव पर्यटकांनी भरलेलंच आठवतं, सेंट जॉर्ज स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते, दुकानं आणि भूतांच्या टूर. पाच दिवस काय केलंत?

खाडीकाठ

@पायवाट, तुमचं खरं आहे, सकाळी अकरा ते रात्री नऊ मलाही तिथे नको वाटलं. पण बोटीवर राहण्याचा फायदाच हा. पहाटे साडेसहाला डिंगीने धक्क्यावर आलो, गल्ल्या ओल्या आणि रिकाम्या, १८०८ च्या वेशीचे दोन कोकिना खांब धुक्यात, आणि आम्ही सोडून कुणीही नाही. त्या वेळी कळतं की गल्ल्या एवढ्या अरुंद का, घरांच्या गॅलऱ्या रस्त्यावर का आल्यात, भिंती किती जाड आहेत. एक दिवस पूर्ण किल्ल्याला दिला (आम्ही गेलो तेव्हा तिकीट १५ डॉलर होतं आणि सात दिवस चालत होतं, म्हणून तीनदा गेलो). एक दिवस दीपगृहावर, १८७४ चं, १६५ फूट उंच, २१९ पायऱ्या. वरून मुखाकडे बघितलं तर ओहोटीच्या वेळी दांड्याचा आकार फेसाने आखून दिलेला असतो. नकाशात जे नव्हतं ते तिथून दिसलं. मी तासभर तिथेच उभी होते. तिथल्या म्युझियममध्ये १७८२ च्या डिसेंबरअखेर याच दांड्यावर फुटलेल्या जहाजातल्या वस्तू आहेत, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात चार्ल्सटन सोडून आलेले इंग्रजांच्या बाजूचे लोक होते त्यावर, हरलेलं युद्ध मागे टाकून घरदार जहाजावर भरून निघालेले. स्वयंपाकाची भांडीसुद्धा आहेत त्यात. भांडी बघून मला गलबललं, बोटीवर राहिलं की असं होतं, प्रत्येक वस्तू आपण किती विचार करून बरोबर घेतलेली असते.

पिंपळसावली

सुंदर चाललाय धागा. दोन गोष्टी जोडते कारण त्या बहुतेक जण चुकवतात.

पहिली, फोर्ट मोझे. गावाच्या उत्तरेला दोनेक मैलांवर, म्हणजे तुम्ही बोटीतून त्याच्या जवळूनच गेलात. कॅरोलायनातल्या मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना स्पॅनिश हद्दीत कॅथलिक होण्याच्या आणि सैन्यात चाकरी करण्याच्या अटीवर मुक्ती मिळत होती, आणि १७३८ मध्ये गव्हर्नर माँतियानोने त्यांना ही वेगळी वसाहत दिली. मुक्त कृष्णवर्णीयांची कायद्याने मान्य झालेली, आजच्या अमेरिकेतली ही पहिली वस्ती. त्यांचा कॅप्टन फ्रान्सिस्को मेनेंदेझ, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला माणूस. १७४० मध्ये जॉर्जिया वसाहतीच्या ओगलथॉर्पने सेंट ऑगस्टिनला वेढा घातला तेव्हा त्याच्या इंग्रजांनी ती जागा घेतली आणि या लोकांनी स्पॅनिशांबरोबर परत हल्ला करून ती मिळवली. पळून येणारी माणसं त्याच खाजणांतून रात्री चालत आली असतील ज्यात तुम्ही नांगर टाकून झोपलात.

दुसरी, १९६४. मार्टिन ल्यूथर किंग यांना ११ जूनला इथेच, पाण्यासमोरच्या एका मोटेलच्या पायऱ्यांवर अटक झाली, आत जेवायला मागितलं म्हणून. आठवड्याभराने त्याच मोटेलच्या पोहण्याच्या तलावात काळे आणि गोरे कार्यकर्ते एकत्र उतरले तेव्हा मोटेलच्या मॅनेजरने पाण्यात ॲसिड ओतलं. ते फोटो जगभर गेले. २ जुलैला नागरी हक्क कायद्यावर सही झाली. मोटेल आता नाही.

खाडीकाठ

@पिंपळसावली, मनापासून आभार. मोझेबद्दल मला परतल्यावर कळलं आणि फार हळहळ वाटली, आम्ही त्या दिवशी खोली मोजायच्या यंत्रावरून नजरच हटवली नव्हती. उत्तरेला परत जाताना नक्की थांबणार. आणि किल्ल्यातही एक असंच आहे. अमेरिकेच्या काळात त्याचा तुरुंग केला. १८३७ मध्ये सेमिनोल या मूळ अमेरिकन जमातीचा नेता ओसिओला तिथे कैद होता, त्याच वर्षी कोआकूची हा दुसरा सेमिनोल नेता आणि आणखी माणसं कोठडीतून निसटली. १८७५ ते ७८ पश्चिमेच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींचे कैदी होते, त्यांनी वह्यांच्या पानांवर काढलेली चित्रं आज म्युझियममध्ये जपून ठेवलीत. ज्यांनी आयुष्यात समुद्र बघितला नव्हता अशी माणसं, आणि तटावरून रोज हेच पाणी.

दिवेलागण

नोव्हेंबरात गेलात म्हणजे पांढऱ्या दिव्यांची रोषणाई होती का? बोटीतून कशी दिसते?

खाडीकाठ

@दिवेलागण, हो, शेवटच्या दोन रात्री मिळाली. अख्खा किनारा पांढऱ्या दिव्यांनी भरलेला आणि खाली पाण्यात तेवढाच दुसरा. पण एक काळजी घ्या, त्या उजेडात बोयांचे आणि नांगरलेल्या बोटींचे दिवे हरवतात. आम्ही डिंगीने परत येत होतो आणि समोरची काळी बोट अगदी जवळ आल्यावर दिसली.

गडवाट

आणि दक्षिणेला निघालात तेव्हा? मातान्झासचा छोटा किल्ला बघितला का?

खाडीकाठ

बघितला, आणि तो भाग राहिलाच होता. १७४० च्या वेढ्यात इंग्रजांनी मोठं मुख अडवलं, तरी गावाला रसद पोचली, कारण ती दक्षिणेच्या मातान्झास मुखातून आतल्या पाण्याने आली. वेढा उठल्यावर माँतियानोने ओळखलं की हे मागचं दार आहे, आणि १७४० ते ४२ मध्ये तिथे कोकिनाचा छोटा किल्ला बांधला, आठ-दहा माणसांच्या पहाऱ्याचा, पाच तोफा. आज अनास्तासिया बेटावरून नॅशनल पार्क सर्व्हिसची फुकट फेरी जाते.

आम्हाला बोटीतूनच बघायचा होता. गावापासून चौदाएक मैल. वॉटरवे सोडून किल्ल्याकडच्या जुन्या पात्रात शिरताना खोली सात फूट, सहा, साडेपाच, आणि मग कील (बोटीचा पाण्याखालचा खोल भाग) वाळूत गेल्याचा तो मऊ धक्का. टेकलो. आमची पाच फुटी कील आणि चढती भरती, ही एकच गोष्ट बरोबर केली होती, मुद्दाम भरतीच्या दुसऱ्या तासाला आत शिरलो होतो. इंजिन बंद केलं, वाळू ढवळून पंपात जायला नको म्हणून. बोट थोडी कलली. समोर दोनशे यार्डांवर तो टुमदार बुरूज, वर स्पेनचा जुना पांढरा-तांबडा झेंडा, आणि फेरीतून उतरलेली लहान मुलं आमच्याकडे बघून हात करत होती. पाऊण तास तसेच बसलो. ज्या वाळूवर रिबो अडला, मूर अडकला, तिचीच ही दुसऱ्या टोकाकडची वाळू. मग पाणी हळूहळू चढलं, बोट सरळ झाली, पुढचं टोक आपोआप प्रवाहाकडे वळलं आणि नवरा म्हणाला, सुटलो, इंजिन लाव.

नवखी_डोलकाठी

भरतीच्या दुसऱ्या तासाला. वहीत लिहून घेतलं.